इंकजेट कार्ट्रिजचे पुनर्भरण आणि शाईची निवड : महाविद्यालयीन अभिलेखांच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाविद्यालयांत कार्यालयासाठी लेसर आणि विभागांसाठी इंकजेट अशी प्रिंटरची विभागणी सर्वसाधारणपणे आढळते. विभागातील इंकजेटवर चाचणीची प्रश्नपत्रिका व सूचनाफलकावरील सूचना छापली जाते. त्याच प्रिंटरवर अंतर्गत मूल्यमापनाचे गुणतक्ते, प्रात्यक्षिकांचे हजेरीपट आणि नॅकसाठीचे पुरावेही छापले जातात. पहिल्या दोहोंचे आयुष्य आठवड्याचे असते. उरलेल्यांची विचारणा दहा-पंधरा वर्षांनीही होऊ शकते. परंतु शाईच्या दरपत्रकात ‘काळी शाई, कम्पॅटिबल’ एवढाच उल्लेख असतो आणि तीन दुकानांपैकी सर्वांत कमी दर मंजूर होतो. कोणती काळी शाई, हा प्रश्न विचारलाच जात नाही. कार्ट्रिजच्या पुनर्भरणाचे, म्हणजे रूढ भाषेत रिफिलिंगचे, यशापयश मात्र मुख्यतः याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

हेडची रचना :

१९७७ साली कॅनन कंपनीतील अभियंता इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेले सोल्डरिंग आयर्न लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, अशी हकीकत या तंत्राच्या इतिहासात सांगितली जाते. (पुनर्भरण करणारा कारागीरही सिरिंजच वापरतो, हा एक योगायोग.) या निरीक्षणातून औष्णिक पद्धतीचे हेड विकसित झाले. नोझलमागील सूक्ष्म तापक काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा निर्माण होतो आणि त्याच्या दाबाने थेंब कागदावर फेकला जातो. एचपी आणि कॅनन यांचे इंकजेट प्रिंटर याच तत्त्वावर चालतात. एप्सनच्या प्रिंटरमध्ये उष्णता वापरली जात नाही. तेथे विद्युतदाबाने आकार बदलणारा पिझो घटक शाईला ढकलतो.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. एचपीच्या ८०३ सारख्या लहान कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजच्याच तळाशी असते. चुकीच्या शाईने ते बिघडले तर एक कार्ट्रिज वाया जाते. एप्सनमध्ये हेड प्रिंटरचा कायमचा भाग असते. ते तुंबले तर दुरुस्तीचा खर्च नव्या प्रिंटरच्या किमतीजवळ पोहोचतो. म्हणून एकाच्या बाबतीत जो प्रयोग क्षम्य आहे, तो दुसऱ्याच्या बाबतीत महागात पडतो. दुकानदार दोन्ही यंत्रांसाठी एकच बाटली पुढे करतो, तेव्हा ही बाब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

डाय आणि पिगमेंट :

शाईचे मुख्य प्रकार दोन. डाय शाईत रंग पाण्यात पूर्णतः विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत शिरतो, रंग खुलून दिसतो, परंतु पाण्याने पसरतो आणि उन्हाने फिका पडतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म घन कण द्रवात तरंगत असतात. पाणी कागदात जिरते, कण पृष्ठभागाजवळ राहतात. त्यामुळे अक्षराची कड रेखीव येते आणि वाळल्यावर अक्षर पाण्याला व प्रकाशाला पुष्कळ अधिक टिकते. काळ्या पिगमेंट शाईतील कण हे मूलतः काजळीचेच, म्हणजे कार्बनचे असतात.

मराठवाड्यातील वाचकास ही गोष्ट नवी वाटू नये. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरील कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली, त्या काळाशी तेथील कागदनिर्मितीची परंपरा जोडली जाते. हातकागदावरील जुन्या पोथ्या व मोडी दफ्तरे काजळी आणि डिंक यांच्या शाईने लिहिलेली असत. ती अक्षरे आज वाचता येतात, याचे कारण कार्बन प्रकाशाने विटत नाही व पाण्यात विरघळत नाही. आजच्या पिगमेंट शाईचे कूळ हेच आहे. डिंकाचे काम आता कृत्रिम रेझिन करते, एवढाच फरक.

कंपन्यांनीही हा भेद पाळला आहे. कॅननच्या पीजी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट असते आणि सीएल मालिकेतील रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय. एचपी ८०३ ची काळी शाई पिगमेंट व रंगीत शाई डाय आहे. कॅननच्या जी मालिकेतील टाकीच्या प्रिंटरसाठीची जीआय-७९० काळी शाईही पिगमेंटच. याउलट एप्सनच्या ६६४ आणि ००३ या क्रमांकांच्या चारही शाया डाय आहेत. अर्थात, मूळ बाटली वापरूनही अशा प्रिंटरवरील गुणतक्ता ओल्या बोटाने पसरतो. ‘ओरिजिनल’ या शब्दाने अभिलेखाचे रक्षण होत नाही.

खरी गफलत पुनर्भरणात होते. ‘सर्व प्रिंटरना चालणारी’ म्हणून मिळणारी काळी शाई पुष्कळदा डाय असते, कारण ती नोझलमध्ये कमी तुंबते व विक्रेत्याकडे तक्रार येत नाही. ती पीजी कार्ट्रिजमध्ये भरली की छपाई होते, अक्षर काळेही दिसते. पण कार्ट्रिजमध्ये उरलेल्या पिगमेंटशी तिचा संयोग झाल्यास कण एकत्र येऊन गाळ धरू शकतात. आणि तसे झाले नाही तरी टिकाऊ अक्षराच्या जागी पुसट होणारे अक्षर येते. पावसाळ्यात गळक्या छताखालील कपाट उघडेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पुनर्भरणाची पद्धत :

कार्ट्रिजमधील स्पंज शाई धरून ठेवतो व किंचित ऋण दाब राखतो. म्हणून नोझलमधून शाई आपोआप गळत नाही. सिरिंजने जोर लावून भरल्यास स्पंजात हवा अडकते, जास्त भरल्यास हा तोल जातो आणि शाई प्रिंटरमध्ये गळते. एका वेळी दोन-तीन मिलिलिटर, संथपणे, एवढेच पथ्य. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात व त्यांची जागा मॉडेलनुसार बदलते. प्रत्येक छिद्रात दातकोरणी घालून रंग पाहिल्यावाचून सुई घालू नये. हेड पूर्ण कोरडे होण्यापूर्वी भरणे हितकारक, कारण शाईविना तापणारा तापक जळतो.

छत्रपती संभाजीनगरच्या हवामानात कोरडेपणा हा मोठा शत्रू आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हवेत आर्द्रता नसते आणि नेमक्या त्याच काळात महाविद्यालयास सुट्टी असते. दीड महिना न वापरलेला प्रिंटर जूनमध्ये कोरी पाने देतो व दोष शाईवर येतो. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड रबरी टोपीवर जाऊन बसते. भिंतीवरील स्विच थेट बंद केल्यास किंवा छपाई चालू असताना वीज गेल्यास ते उघडेच राहते. सुट्टीत आठवड्यातून एक रंगीत पान छापणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. हेड पुसण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार नोझलमध्ये साचतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर पुरेसे आहे. हेड क्लीनिंगची आज्ञा वारंवार देणेही इष्ट नाही. त्यात वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये जमते आणि ते भरल्याची नोंद होताच काही प्रिंटर काम थांबवतात.

खर्च व कायदा :

एचपी ८०३ काळ्या कार्ट्रिजवर कंपनीच्या मते सुमारे १९० पाने निघतात. एप्सन ००३ च्या ६५ मिलिलिटर काळ्या बाटलीवर सुमारे ४५०० पाने. या बाटलीची किंमत ४५० रुपये धरली तरी पानामागे दहा पैसे पडतात. त्यातून दोन-चार पैसे वाचविण्यासाठी कायमस्वरूपी हेड पणास लावण्यात शहाणपण नाही. रिफिलिंगचा खरा लाभ लहान कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्येच आहे, आणि तेथे धोकाही कमी आहे.

पुनर्भरण बेकायदेशीर आहे, हा समजही निराधार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीविरुद्धच्या खटल्यात, कार्ट्रिज एकदा विकल्यावर तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो, असा निर्णय दिला. तो टोनर कार्ट्रिजविषयी व तेथील कायद्यानुसार होता. तरी त्यातील विचार सर्वत्र उपयुक्त आहे. भरलेली कार्ट्रिज मूळ कंपनीच्या खोक्यात घालून नवी म्हणून विकणे हा मात्र आपल्याकडे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली गुन्हा ठरतो. कंपन्यांचा खरा बंदोबस्त चिपमध्ये असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी इतरांची चिप असलेली कार्ट्रिज एकाएकी नाकारली होती.

शाईची चाचणी :

दरपत्रकात ‘काळी, पिगमेंट, अमुक मॉडेलसाठी’ असे लिहून मागणी केली, तरी बाटलीवरील शब्दावर विसंबून राहू नये. नेहमीच्या ७५ जीएसएम कागदावर एक पान छापावे, चोवीस तास वाळू द्यावे आणि एका ओळीवर पाण्याचा थेंब टाकून दोन मिनिटांनी टिपकागदाने उचलावा. डाय असेल तर टिपकागद काळा-जांभळा होतो. चांगल्या पिगमेंटचे अक्षर जागेवर राहते. दुसरे पान अर्धे झाकून दक्षिणेकडील खिडकीच्या काचेला महिनाभर चिकटवावे आणि झाकलेला व उघडा भाग शेजारी ठेवून पाहावा. दोन्ही पानांवर बाटलीचा बॅच क्रमांक व तारीख लिहून ती दरपत्रकांच्या फाईलमध्ये लावावीत. पुढील खरेदीच्या वेळी समितीसमोर दरासोबत तीही ठेवता येतात.