उघड्या पाठीचे हेडफोन

संगीताचें सुख आणि घरांतील शांतता हीं दोन्ही एकाच छपराखालीं नांदविणें किती कठीण असतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबाच्या कमरेचें हाड मोडलें. तेव्हांपासून रात्रीं तिच्याजवळ मी असतों. झोप मला मुळांतच थोडी. जुनीं गाणीं ऐकत बसावें, तर नातवाची परीक्षा आणि सूनबाईची सकाळची नोकरी आड येते. म्हणून चिरंजीवांनीं कान पूर्ण झांकणारे बंद पाठीचे हेडफोन आणून दिले. तिसऱ्याच रात्रीं हिनें पाण्यासाठीं चार हांका मारल्या; मला एकही ऐकूं आली नाहीं. अखेर खालच्या मजल्यावरून सूनबाई धांवत आली. त्या वेळीं जी शरम वाटली, ती लिहून दाखवितां येणार नाहीं.

हेडफोनच्या आंत एक पातळ पडदा असतो. तो हालला कीं नाद कानाकडे जातो, तसाच मागेंही जातो. बंद प्रकारांत हा मागचा नाद डबींत कोंडून तिच्या भिंतींवर आदळतो. उघड्या प्रकारांत मागें जाळी असते, तींतून तो मोकळा निघून जातो, आणि बाहेरचा आवाजही त्याच वाटेनें आंत येतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनें १९६८ सालीं असा हेडफोन प्रथम बाजारांत आणला. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या प्रांगणांत भरत असे तेव्हां तेथें, आणि पुढें एखाद्या ठेंगण्या सभागृहांत, अशा दोन्ही ठिकाणीं ज्यांनीं एकाच गवयास ऐकलें असेल, त्यांना हा भेद चटकन उमजेल.

चिरंजीवांस बरोबर घेऊन बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली गाठली. तेथें व इतरत्र मिळून पांच नमुने कानास लावून पाहिले. विक्रेते ‘धमक’ दाखवावयास उत्सुक असतात. त्यासाठीं ते आपलींच गाणीं लावतात. मीं मात्र घरच्या मिरजेच्या तंबोऱ्याचें ध्वनिमुद्रण बरोबर नेलें होतें. जवारी नीट लागलेली असली म्हणजे खर्जाची तार नुसती छेडतांच तींतून गांधार आपोआप उमटतो. तो मूळ कंपनांच्या पांचपट कंपनांचा असतो. एका बंद हेडफोनमध्यें खर्ज इतका फुगला कीं गांधार त्यांत बुडूनच गेला. उघड्यांत तो स्वच्छ, वेगळा उभा राहिला. डग्ग्याचा घुमारा मात्र उघड्यांत कमी भरतो, हेंही कबूल केलें पाहिजे. लोकलगाडींत किंवा रस्त्यावर ऐकणाऱ्यानें या प्रकाराच्या वाटेस जाऊंच नये.

कानास गोड लागलेली वस्तु डोक्यास सोसेलच असें नाहीं. मला चष्मा आहे. दाब जास्त असला कीं चष्म्याची काडी कानामागें रुतते, पण हें पांच मिनिटांत कळत नाहीं. दुकानांत अर्धा तास तसाच बसून राहिलों, तेव्हां एक नमुना बाद झाला. कातडीसारख्या गाद्या वैशाखांत घामानें चिकटतात, म्हणून मखमली बऱ्या. गाद्या व तार सुटी बदलतां येते कीं नाहीं, हेंही विचारून घ्यावें. आधीं झिजतात त्या याच दोन वस्तु.

किंमतीविषयीं घरांत थोडा वाद झाला. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा नामांकित नमुना मला फार आवडला. परंतु त्याचा विद्युत्-अवरोध ३०० ओहम, म्हणजे साधा मोबाइल त्यास पुरेसें बळ देऊं शकत नाहीं, वेगळा ध्वनिवर्धक घ्यावा लागतो. शिवाय मी ऐकतों काय? अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या! खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्या काळच्या यंत्रांनीं अतितार नाद टिपलेच नाहींत, आणि टिपले असते तरी माझ्या वयाच्या कानांना ते आतां कोठून कळणार? उलट फार चोखंदळ हेडफोन तबकडीची खरखरच अधिक स्पष्ट ऐकवितो. ३२ ओहमचा, मोबाइलवर चालणारा, एक मध्यम किंमतीचा घेतला. उरलेल्या पैशांतून हिच्यासाठीं चाकांची खुर्ची आली.

आतां त्याचा दोष. जाळींतून गाणें बाहेर झिरपतें. पहिल्याच रात्रीं ही म्हणाली, “तुमचे खांसाहेब डबींत बसून गातायत वाटतं.” म्हणून मीं आवाज उतरविला. तो माझ्या कानांच्याही हिताचा झाला, कारण जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस आठवड्यास ४० तास ऐकावयाचें तर ८० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. खुर्चीही दाराबाहेर नेली, दार किलकिलें ठेवलें. तेथून हिची कूस बदललेली देखील ऐकूं येते.

परवां रात्रीं हांक आली. एकाच हांकेला उठलों, तांब्या घेऊन आंत गेलों. “पाणी नको,” ही म्हणाली, “ती खुर्ची जरा आंत घ्या. तिथून अर्धंच गाणं ऐकूं येतं.”