जुन्या जीपमधील ट्रान्सफर केसची अदलाबदल : एक तांत्रिक विवेचन

प्रास्ताविक

महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपच्या जोडणीस प्रारंभ केला. पुढे सीजे-३बी व एमएम-५४० या गाड्या ग्रामीण महाराष्ट्रात रुळल्या. नायगाव परिसरातील काळी माती पाऊस पडताच चाकांना चिकटते आणि केवळ मागच्या चाकांवर चालणारे वाहन रुतून बसते. अशा वेळी चारही चाकांना ओढ देणारा घटक म्हणजे ट्रान्सफर केस. ती आवाज करू लागली की 'दुसरी बसवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व कार्य

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीमागे असते. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती ती पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे पोहोचवते. 'लो' गिअरमध्ये वेग घटवून ओढ वाढवते. सीजे-३बी मधील 'स्पायसर १८' या केसचे लो गुणोत्तर सुमारे २.४६ आहे. पहिल्या गिअरचे २.८० व ॲक्सलचे ५.३८ हे गुणोत्तर धरल्यास 'हाय'मध्ये इंजिनाच्या सुमारे १५, तर 'लो'मध्ये सुमारे ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. चिखलातून सावकाश, पण नेटाने बाहेर पडणे यामुळेच शक्य होते.

बिघाडाची कारणे

या रचनेत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाके अधिक अंतर कापतात. चिखलात चाके घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर मात्र सर्व ताण गिअर व शाफ्टवर येतो. पुढचे-मागचे टायर असमान असणे, गळके ऑइल सील आणि मधल्या शाफ्टची झीज हीदेखील कारणे होत. कारण दूर न करता बसवलेली दुसरी केसही त्याच वाटेने जाते. अनेकदा शाफ्ट, बेअरिंग व सील बदलणे पुरेसे ठरते.

अदलाबदलीपूर्वीची जुळणी

१. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील खाचा व त्यावर बसणाऱ्या गिअरचे दाते जुळले पाहिजेत.

२. दोन्ही पेट्यांच्या जोडणीचे छिद्र व बोल्टच्या जागा एकच असाव्यात.

३. 'स्पायसर १८'मध्ये मागचा शाफ्ट उजव्या बाजूस निघतो, म्हणून मागचा डिफरन्शियलही उजवीकडे असतो. 'स्पायसर २०'मध्ये तो मध्यभागी निघतो. अशी केस बसवल्यास मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. अन्यथा प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून कंपने वाढतात.

४. सीजे-३बी मध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर असतो. नव्या केसवर त्याची सोय नसेल तर उतारावर उभी केलेली गाडी धोक्याची ठरते.

५. स्पीडोमीटरची केबल व दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी तपासावी.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील व उत्पादकाचा मूळ तपशील यांत विसंगती निर्माण होईल असा बदल मालकास करता येत नाही. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा वाहनाची तपासणी होते. ॲक्सलपर्यंत पोहोचणारा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे इष्ट.

समारोप

सारांश, ट्रान्सफर केस ही सुटी पेटी नसून गिअरबॉक्स, ॲक्सल व हँडब्रेक यांना बांधणारा दुवा आहे. म्हणून आधी बिघाडाचे कारण शोधावे, शक्य तेथे मूळ केसच दुरुस्त करावी आणि बदल अपरिहार्य असेल तर त्याच प्रकारची केस निवडावी, असे प्रस्तुत विवेचनातून स्पष्ट होते.