झिजेची धास्ती: जुना लॅपटॉप आणि एसएसडी

जुन्या लॅपटॉपातील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी, अशी गोष्ट चारचौघांत निघाली की, त्या चौघांपैकी एखादा तरी माहीतगार गृहस्थ हटकून सांगतो की, एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, ती लिहून लिहून झिजते आणि दोन-तीन वर्षांत सगळ्या मजकुरासह निकामी होते. सबब आहे ती हार्ड डिस्कच बरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांपासून तालुक्याच्या बाजारपेठेतील दुरुस्तीच्या गाळ्यापर्यंत हा प्रवाद इतक्या खात्रीने सांगितला जातो की, ऐकणाऱ्याला त्याची खातरजमा करावीशी वाटत नाही. परिणामी ज्या शिक्षकाचा, विद्यार्थ्याचा किंवा छोट्या व्यावसायिकाचा लॅपटॉप केवळ डिस्कच्या मंदपणामुळे सुरू व्हायला कित्येक मिनिटे घेतो, तो एकतर तसाच कुढत काम करीत राहतो किंवा चांगले यंत्र भंगारात देऊन कर्जाने नवे घेतो. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच या प्रवादाचा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रवादाच्या मुळाशी एक सत्य आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८०च्या दशकात जी फ्लॅश स्मृती सिद्ध केली, तीच एसएसडीत असते, आणि तिच्यात माहिती विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म पेशींत कोंडून ठेवलेली असते. हा भार आत लोटताना आणि पुसताना पेशीभोवतीच्या विद्युत्रोधक थराला दर वेळी किंचित इजा होते, आणि ही इजा साचत गेली की कालांतराने ती पेशी भार धरून ठेवीनाशी होते. आज घरगुती एसएसडींत ज्या टीएलसी जातीच्या पेशी सर्रास असतात, त्यांची सहनशक्ती साधारणपणे एक ते तीन हजार वेळा लिहिण्या-पुसण्याची धरली जाते. ‘एक हजार’ हा आकडा कानावर पडताच सामान्य मनुष्य असे समजतो की, हजार वेळा फाइल जतन केली की डिस्क संपली. सगळा घोटाळा होतो तो या एका चुकीच्या हिशेबाने.

हे हजार वेळा म्हणजे संपूर्ण डिस्क काठोकाठ भरून हजार वेळा होय. २५० जीबीची एसएसडी हजार वेळा पूर्ण भरायची म्हटली तर २,५०,००० जीबी, म्हणजे २५० टीबी एवढे लेखन तिच्यावर व्हावे लागेल. शिवाय आपण एकच फाइल रोज बदलीत राहिलो तरी ती रोज त्याच पेशींत लिहिली जात नाही. गावच्या पाटाचे पाणी जसे पाळीपाळीने प्रत्येक शेताला मिळते, तसे एसएसडीतील नियंत्रक चिप प्रत्येक लेखन आळीपाळीने सर्व पेशींत वाटीत असते, जेणेकरून कोणताही एक कोपरा एकटाच झिजू नये. अंतर्गत हलवाहलवीसाठी ही चिप आपण सांगितल्यापेक्षा काहीसे अधिक लिहिते, ही गोष्ट खरी. पण कंपन्या तीही हिशेबात धरतात आणि मगच हमीचा आकडा जाहीर करतात. सॅमसंगच्या ८६० इव्हो या २५० जीबीच्या एसएसडीची हमी पाच वर्षे किंवा १५० टीबी लेखन, यांपैकी जे आधी होईल तोवरची होती. पत्रव्यवहार, आंतरजाल, हिशेब, छायाचित्रे आणि अधूनमधून चित्रफिती असा ज्याचा वापर आहे, त्याच्या लॅपटॉपवर दिवसाला २० जीबी लेखन होते असे उदार मनाने धरू. वर्षाचे ते ७.३ टीबी भरते आणि १५० टीबी गाठायला वीस वर्षे लागतात. क्रूशियल बीएक्स५०० सारख्या स्वस्त मालिकेतील २४० जीबीच्या डिस्कची लेखनमर्यादा ८० टीबी आहे. तीही याच वापराने जवळजवळ अकरा वर्षे पुरते. ज्या लॅपटॉपात ती बसवायची, त्याची बिजागरी, बॅटरी आणि पडदा त्याच्या कितीतरी आधी निकामी होतील.

आता कोणी म्हणेल की, हे कंपन्यांच्या कागदावरचे आकडे झाले. तर कंपन्यांशी संबंध नसलेल्यांनी केलेली परीक्षाही उपलब्ध आहे. ‘द टेक रिपोर्ट’ या अमेरिकी संकेतस्थळाने ऑगस्ट २०१३ मध्ये २४० ते २५६ जीबी क्षमतेच्या सहा एसएसडी घेतल्या आणि त्या निकामी होईपर्यंत त्यांच्यावर रात्रंदिवस लेखन चालू ठेवले. ही परीक्षा २०१५ पर्यंत चालली. सहाच्या सहा डिस्कनी ७०० टीबीची मजल ओलांडली आणि शेवटी टिकलेली डिस्क सुमारे २,४०० टीबीनंतर गेली. त्यांतील टीएलसी पेशींची एकमेव डिस्क १०० टीबीनंतर राखीव साठा वापरू लागली होती, ही उणीव परीक्षकांनी लपविली नाही. परंतु तीही ९०० टीबीपर्यंत पोचली. सहा नग म्हणजे काही मोठा नमुना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून दुसरा पुरावा अधिक मोलाचा ठरतो. टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांचे सहकारी यांनी गूगलच्या माहितीकेंद्रांतील सहा वर्षांच्या वापराचा अभ्यास साठवणतंत्रावरील २०१६ च्या फास्ट परिषदेत मांडला. एसएसडीतील दोषांचा संबंध तिच्यावर किती लिहिले यापेक्षा तिच्या वयाशी अधिक असल्याचे त्यांना आढळले. आणि फिरत्या डिस्कच्या तुलनेत एसएसडी बदलाव्या लागण्याचे प्रमाण कमी दिसले. मात्र न वाचता येणाऱ्या भागांचे दोष एसएसडीत अधिक आढळतात, असेही त्याच अभ्यासात नमूद आहे, आणि त्याकडे पुढे वळायचे आहे.

तरीही हा प्रवाद मरत नाही, कारण तो एके काळच्या परिस्थितीचा अवशेष आहे. २००७ च्या सुमारास छोट्या नेटबुकांतून जे फ्लॅश साठे आले, त्यांची क्षमता अवघी काही जीबीपासून सुरू होत असे, आणि कोणती जागा मोकळी झाली हे डिस्कला कळविणारी ‘ट्रिम’ आज्ञा विंडोजमध्ये आली ती २००९ च्या विंडोज ७ पासून. त्या काळी सावधगिरी बाळगणे शहाणपणाचे होते. ती आजही जशीच्या तशी पाळणे निव्वळ घोकंपट्टी आहे. आणि या घोकंपट्टीतून जे तोडगे निघाले, ते पाहिले की मनस्वी संताप येतो. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद करा, हायबरनेशन बंद करा, ब्राउझरचा तात्पुरता साठा जुन्या डिस्कवर हलवा, ‘डाउनलोड’ची फाइल एसएसडीवर उतरवूच नका! वेगासाठी पैसे मोजून आणलेली वस्तू वापरू नये म्हणून एवढा खटाटोप करायचा, हा कोणता न्याय? पेजफाइलविषयी तर विंडोज ७ घडविणाऱ्या अभियंत्यांनी मे २००९ मध्येच लिहून ठेवले आहे की, त्यांनी तपासलेल्या नोंदींत पेजफाइलमधील वाचन लेखनाच्या सुमारे ४० पट होते, आणि एसएसडीवर ठेवण्यास तिच्याइतक्या योग्य फाइली थोड्याच असतील. कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपात ती बंद केली की चालू कार्यक्रम मध्येच बंद पडू लागतात आणि दोष मात्र नव्या डिस्कच्या माथी येतो.

खरी काळजी वेगळ्याच बाबीची करावयास हवी. फिरती डिस्क जाण्यापूर्वी पुष्कळदा खडखडते, अडखळते, मालकाला थोडीबहुत सूचना देते. एसएसडी जाते तेव्हा पुष्कळदा नियंत्रकाच्या बिघाडाने, एका क्षणात आणि निःशब्दपणे जाते. शिवाय पुसलेली फाइल ट्रिममुळे लवकरच कायमची नाहीशी होते, ती जुन्या डिस्कप्रमाणे नंतर खणून काढता येत नाही. वर सांगितलेले न वाचता येणारे भाग आहेतच. या सर्वांवर उपाय एकच, तो म्हणजे महत्त्वाच्या दस्तऐवजांची आणि छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर नियमाने ठेवणे. झिजेच्या भीतीने ज्यांनी एसएसडी टाळली, त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या सात-आठ वर्षे फिरणाऱ्या तबकडीची अशी दुसरी प्रत ठेवली आहे? दुचाकीवर पाठीला लावून खड्ड्यांतून नेलेला लॅपटॉप पाहिला, तर धक्क्याने दगावणारी फिरती डिस्क अधिक धोक्यात आहे हे सांगावयास नको.

दुसरा प्रवाद थोडा अधिक शास्त्रीय वेष घेऊन येतो: ‘जुन्या लॅपटॉपाचा साटा पोर्टच मंद, त्यामुळे एसएसडीचा उपयोग नाही.’ २००९-१० च्या पुष्कळ लॅपटॉपांत साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या या मार्गाची, दुसरी पिढी आहे आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे २८० मेगाबाइटहून अधिक मजकूर जात नाही, हे बरोबर. पण लॅपटॉप सुरू होताना एक अखंड मोठी फाइल वाचली जात नसते. डिस्कभर विखुरलेल्या हजारो बारीक फाइली वाचल्या जातात. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या शिराखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते थांबावे लागते. शीर योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी बारा-एक मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला असे पन्नास-साठच तुकडे हाती येतात. चार-चार किलोबाइटच्या तुकड्यांचा हा हिशेब केला तर वेग पाव मेगाबाइटच्या आसपास भरतो. एसएसडीला शीर नाही, फेरा नाही. तिला एक तुकडा मिळविण्यास मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो, आणि एका पाठोपाठ एक तुकडे मागितले तरी सेकंदाला दहा हजार, म्हणजे चाळीसएक मेगाबाइट, सहज निघतात. हा आकडा जुन्या पोर्टच्या मर्यादेच्या सातव्या हिश्श्याइतकाच आहे. अर्थात ज्या कामात लॅपटॉपाचा जीव जात असतो, त्या कामात पोर्टची मर्यादा आडवी येतच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतो. एसएसडीचे डीफ्रॅग केल्याने ती बिघडते म्हणून विंडोजचे आठवड्याचे ‘ऑप्टिमाइझ’ बंद करू नये. विंडोज एसएसडी ओळखते आणि तिला मुख्यतः ट्रिमची आज्ञा देते. डिस्क बदलल्याने विंडोजचा परवाना जात नाही. विंडोज १० पासूनचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा घातली की आपोआप लागू होतो. वीज न मिळाल्यास एसएसडी आठवड्यात कोरी होते, ही २०१५ साली पसरलेली वार्ता लेखनमर्यादा संपलेल्या आणि अतिउष्ण जागी ठेवलेल्या डिस्कविषयीच्या तक्त्यावरून उठली. जेडेक या मानक-संस्थेचा घरगुती डिस्कसाठीचा नियम सांगतो की, मर्यादा संपल्यावरही ३० अंश तापमानात मजकूर एक वर्ष टिकला पाहिजे. एम.२ म्हणजे एनव्हीएमई ही वेगवान जातच, असेही नाही, एम.२ हा केवळ आकार आहे, आणि पुष्कळ जुन्या लॅपटॉपांच्या त्या खाचेत साटाचीच डिस्क चालते. केवळ फॉरमॅट मारल्याने लॅपटॉप कायमचा वेगवान होत नाही. तबकडी तीच असते. आणि कवडीमोलाने मिळणारी ‘१६ टीबी’ एसएसडी ही सरळ फसवणूक आहे.

एसएसडीने काय होणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रोसेसर तोच राहतो, म्हणून चित्रफितीचे संस्करण किंवा मोठी गणिते फारशी लवकर होणार नाहीत. ज्या लॅपटॉपाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, तो एसएसडीने त्या यादीत जात नाही. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने अशा यंत्रावर पुढे कोणती प्रणाली चालवायची, लिनक्स की अन्य काही, याचा विचार आधीच करावा. दोन जीबी रॅमचे यंत्र एसएसडीनेही फार दिवस तगणार नाही. रॅम वाढविता येत असेल तर दोन्ही कामे एकदमच उरकावीत.

बसविण्याचे काम पुष्कळशा जुन्या लॅपटॉपांत अवघड नाही. बॅटरी काढावी, खालच्या झाकणाचे स्क्रू सोडवावेत, जुनी डिस्क तिच्या धातूच्या चौकटीसह जोडापासून आडवी, सरळ रेषेत ओढावी. साटाच्या जोडात एका बाजूस डेटाच्या ७ आणि दुसऱ्या बाजूस विजेच्या १५ पट्ट्या असतात. वर उचलून ओढल्यास त्या वाकतात आणि मग खर्च वाढतो. नवी एसएसडी बहुधा ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुनी खोबण ९.५ मिलिमीटरची, म्हणून मधला फरक भरणारी अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट मागून घ्यावी. ती नसेल तर डिस्क आत हलते आणि जोड सैल पडतो.

तेव्हा वाचकांस विनंती आहे ती अशी: डिस्क घेताना लेखनमर्यादेचा टीबीतील आकडा आणि हमीची वर्षे पाहून घ्या, पावती जपून ठेवा, काम सुरू करण्यापूर्वी जुन्या डिस्कवरील सर्व मजकुराची एक प्रत बाहेर काढा. आणि झिजेची शंका तरीही राहिली, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा विनामूल्य कार्यक्रम घालून सहा महिन्यांनी त्यातील एकूण लेखनाचा आकडा स्वतः वाचा. त्याला हमीच्या आकड्याने भागून पाहिले की तुमच्या यंत्रापुरता हा वाद निकालात निघेल.