जमिनीविना वाढणारा वृक्ष

अमेरिकी लेखक लॅरी निव्हन यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इंटिग्रल ट्रीज’ या विज्ञान कादंबरीतील वृक्ष मातीत उगवत नाही, कारण त्या जगात जमीनच नाही. न्यूट्रॉन ताऱ्याभोवती, म्हणजे मृत ताऱ्याच्या अतिघन अवशेषाभोवती, फिरणाऱ्या वायूच्या कड्यात तो तरंगतो आणि त्याची लांबी १०० किलोमीटरपर्यंत भरते. ताऱ्याची ओढ जवळच्या टोकाला अधिक व दूरच्या टोकाला कमी असते. या फरकाला भरतीबल म्हणतात, आणि त्यामुळेच खोड ताऱ्याच्या रोखाने ताठ राहते, मध्यभागी वजन जाणवत नाही, टोकांना मात्र जाणवते. टोकांचा वेग भोवतालच्या वायूशी जुळत नसल्याने तेथे परस्परविरुद्ध दिशांनी अखंड वारा वाहतो, आणि शेंडे उलटसुलट वाकून वृक्षाला गणितातील समाकलाच्या चिन्हाचा, म्हणजे ताणलेल्या इंग्रजी ‘एस’चा, आकार येतो. याच वाऱ्यातून पर्णसंभार पाणी व सजीव द्रव्य टिपतो आणि ते फांदीच्या बुडाशी असलेल्या ‘वृक्षमुखा’त पोचते, तेथे वस्ती करणारी माणसे आपला केरकचरा, इतकेच नव्हे तर मृतदेहही, त्याच मुखाच्या स्वाधीन करतात. कड्याच्या मध्यापासून फार ढळलेला वृक्ष मधोमध दुभंगतो; त्याचा एक भाग नष्ट होतो, तर दुसरा पुन्हा सुपीक पट्ट्यात परततो. कल्पित वनस्पतीची घडण भौतिकशास्त्राच्या नियमांतून इतक्या काटेकोरपणे सिद्ध करणारी निर्मिती विज्ञानसाहित्यात दुर्मीळच आहे.