मुक्काम पोस्ट फिरती

सकाळी सातच्या सुमारास विदर्भातील वा मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या एसटी स्थानकावर नजर टाकली, तर गर्दीत एक माणूस हमखास वेगळा दिसतो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशात घडी करून ठेवलेला टाय आणि खांद्याला काळी, जड बॅग. आजूबाजूचे प्रवासी लग्नाला, बाजाराला किंवा कोर्टाच्या तारखेला निघालेले असतात. हा मात्र कोठे 'पोहोचण्यासाठी' निघालेला नसतो. प्रवास हेच त्याचे कामाचे ठिकाण असते. औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला 'एमआर', हा आपल्याकडील एकट्याने फिरणाऱ्या नोकरदाराचा सर्वांत परिचित नमुना. बियाणे-खतांचे विक्री प्रतिनिधी, लेखापरीक्षक, यंत्रदुरुस्तीचे तंत्रज्ञ असे कितीतरी जण याच वाटेवर असतात. महिन्यातील अनेक रात्री घराबाहेर काढणाऱ्या या माणसांच्या आयुष्याकडे 'फिरतीची नोकरी' एवढे दोन शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. त्या दोन शब्दांत नेमके काय दडलेले असते?

फिरतीचे गणित

प्रतिनिधीचे जग तीन वर्तुळांत विभागलेले असते. पहिले मुख्यालय, म्हणजे तो राहतो ते शहर. दुसरे 'एक्स-स्टेशन', म्हणजे सकाळी जाऊन रात्री घरी परतता येईल अशी गावे. तिसरे 'आउटस्टेशन', जेथे मुक्काम करावा लागतो. अकोला हे मुख्यालय धरले, तर मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट ही दुसऱ्या वर्तुळात येतात. बुलडाणा, रिसोड, मलकापूर ही साधारणपणे तिसऱ्यात. या वर्तुळांनुसार दैनिक भत्ता बदलतो. मुख्यालयात तो सर्वांत कमी आणि मुक्कामाच्या गावी सर्वांत जास्त असतो. महिना सुरू होण्याआधीच 'टूर प्रोग्रॅम' मंजूर करून घ्यावा लागतो. कोणत्या तारखेला कोणते गाव, कोणते डॉक्टर, कोणते औषध दुकानदार, हे सारे त्यात ठरलेले असते.

हा कार्यक्रम आखणे वाटते तितके सोपे नाही. गणितात 'फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न' या नावानेच एक प्रसिद्ध कोडे आहे. ठरावीक गावांना प्रत्येकी एकदा भेट देऊन सर्वांत कमी अंतरात मूळ गावी कसे परतावे, हे ते कोडे. मुख्यालय धरून १० गावे असतील, तर फेरीचे १ लाख ८१ हजार ४४० वेगवेगळे मार्ग संभवतात. गावे १५ झाली, की हाच आकडा ४,३५८ कोटींच्या पुढे जातो! प्रत्यक्षातील प्रतिनिधीपुढे तर आणखी अटी असतात. अमुक डॉक्टर मंगळवारीच भेटतात, तमुक गावाहून शेवटची बस साडेसातला सुटते, आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. संगणकालाही घाम फोडणारे हे कोडे चार-पाच वर्षे मुरलेला प्रतिनिधी चहा पिता पिता सोडवतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसते. ते त्याच्या पायांत असते.

आणि तरीही दिवसाचा हिशेब मांडला, तर तो चमत्कारिक निघतो. दवाखान्यात आधी रुग्ण, मग प्रतिनिधी, हा शिरस्ता. तासभर बाकावर बसल्यावर आत मिळतात ती दोन-तीन मिनिटे. दिवसात दहा-बारा डॉक्टर भेटले, तरी प्रत्यक्ष बोलणे होते जेमतेम अर्ध्या तासाचे. बाकीचा सारा दिवस असतो तो वाट पाहण्याचा. सकाळची ओपीडी दोनच्या सुमारास संपते, संध्याकाळची पाच-सहाला उघडते. मधल्या तीन-चार तासांचे काय करायचे, हा फिरतीतील सर्वांत जुना प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना अनोळखी गावात सावली शोधणे म्हणजे काय, हे तो अनुभव घेतलेलाच जाणे. एखादा मायाळू औषध दुकानदार दुकानाच्या मागच्या बाजूला पंख्याखाली खुर्ची देतो. नाही तर एसटी स्थानकाचे बाकडे आहेच.

पहिल्या रात्रीची झोप

मुक्कामाच्या गावी रात्र लॉजवर जाते. भत्त्याच्या मर्यादेत बसणारी खोली बहुधा स्थानकासमोरच्या गल्लीत मिळते. खाली हॉर्न, वर कुरकुरणारा पंखा. 'नव्या जागी झोप लागत नाही' अशी तक्रार घरी केली, तर 'सवय होईल' असे उत्तर मिळते. परंतु ही तक्रार केवळ मनाची नाही. निद्राशास्त्रात तिला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' असे म्हणतात. १९६० च्या दशकापासून संशोधकांना तो ठाऊक आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि बारीकशा अपरिचित आवाजालाही प्रतिसाद देतो. थोडक्यात, अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा पहारा देतो. पुढील मुक्कामात हा फरक नाहीसा होतो. मात्र रोज गाव बदलणाऱ्याच्या वाट्याला प्रत्येक रात्र 'पहिली'च येते! अनुभवी प्रतिनिधी वर्षानुवर्षे एकाच लॉजमध्ये, शक्यतो त्याच खोलीत उतरण्याचा आग्रह धरतात. त्यामागे हेच शहाणपण असावे.

जेवणाचेही तेच. दोन-चार दिवस चवीने खाल्लेली खानावळीतील तर्री नंतर पोटात बोलू लागते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १८ हजारांहून अधिक नोकरदारांच्या आरोग्य-नोंदी तपासल्या. महिन्यात १ ते ६ रात्री बाहेर काढणाऱ्यांच्या तुलनेत १४ वा अधिक रात्री बाहेर राहणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. धूम्रपान, बैठेपणा आणि झोपेच्या तक्रारींचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. त्या प्रवाशांचे जग विमानांचे आणि तारांकित हॉटेलांचे होते, आपल्याकडील प्रतिनिधीचे एसटीचे आणि दुचाकीचे आहे. पण घराबाहेरच्या रात्रींची संख्या वाढली की शरीर-मनावरील भार वाढतो, हा धागा दोन्हीकडे समान आहे.

घर फोनवर येते तेव्हा

एके काळी घराशी संबंध म्हणजे एसटीडी बूथ. रात्री दर उतरेपर्यंत थांबायचे, काचेच्या खोक्यात उभे राहून लाल आकड्यांकडे पाहत बोलायचे आणि मुलाने कविता म्हणायला सुरुवात केली, की ती अर्ध्यावर थांबवायची. २००३ च्या मे महिन्यापासून येणारे मोबाइल कॉल निःशुल्क झाले आणि हे चित्र पालटू लागले. आता रात्री लॉजच्या खोलीत बसून मुलाचा गृहपाठ पडद्यावर पाहता येतो. अंतर कमी झाले, यात शंका नाही. पण अनुपस्थिती मात्र संपली नाही. पालकसभा, सासऱ्यांचे आजारपण, गॅसचा नंबर या साऱ्या गोष्टी घरातील दुसऱ्या माणसानेच निभावायच्या असतात. फिरतीची नोकरी एकाची असते. तिचा भार मात्र दोघांवर पडतो.

यातच भत्त्याचा तिढा आहे. रात्री अकराला दमूनभागून घरी परतायचे, तर मुक्कामाचा भत्ता बुडतो. मुक्काम करायचा, तर भत्त्यातील चार पैसे वाचतात, पण मुले झोपेतच वाढतात. दोन प्रतिनिधींनी एक खोली घेणे, रात्रीचे जेवण वडापाववर भागवणे हे प्रकार चैनीतून नव्हे, तर या हिशेबातून येतात.

महिला प्रतिनिधींपुढे आणखी वेगळे प्रश्न असतात. दिवसभराच्या फिरतीत स्वच्छ स्वच्छतागृह कोठे मिळेल, यावरून पाणी किती प्यायचे हे ठरवावे लागते. एकट्या स्त्रीला खोली देताना लॉजचालकाच्या चेहऱ्यावर उमटणारे प्रश्नचिन्ह अद्याप पुसले गेलेले नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली, हा दिलासा खरा. पण सुरक्षित मुक्कामाचा प्रश्न तिकिटाच्या सवलतीने सुटत नाही.

मोकळीक आणि पाळत

एवढे असूनही माणसे या नोकरीत वीस-पंचवीस वर्षे का काढतात? याचे एक उत्तर आहे, मोकळीक. समोर साहेब नाही, टेबल नाही, हजेरीचे यंत्र नाही. सकाळी बॅग खांद्याला लावली, की दिवस आपला. दिवसाचा अहवाल कार्बन ठेवून हाताने लिहायचा आणि टपालाने पाठवायचा, एवढाच कंपनीशी रोजचा संबंध. अर्थात, या मोकळिकीचा गैरफायदा घेऊन घरबसल्या अहवाल भरणारेही होतेच. त्यामुळे कंपन्यांच्या संशयाला काहीच आधार नव्हता, असे म्हणता येणार नाही.

आज हा अहवाल मोबाइलमधील अॅपवर, डॉक्टरांच्या दारातच भरावा लागतो. जीपीएसमुळे प्रतिनिधी कोठे आहे, किती वाजता पोहोचला, हे कार्यालयात बसलेल्या व्यक्तीला दिसते. कंपनीच्या दृष्टीने ही शिस्त आहे. कर्मचारी संघटनांच्या दृष्टीने ती पाळत आहे. दवाखान्यात तासभर थांबूनही डॉक्टर शस्त्रक्रियेला निघून गेले, तर यंत्राला केवळ 'भेट झाली नाही' एवढेच कळते. तो तास कोठेही नोंदला जात नाही. आधीच एकट्या असलेल्या माणसाचा एकांत हिरावला जातो, एकटेपणा मात्र तसाच राहतो.

कायद्याची साथ

हा माणूस 'कामगार' आहे का, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रतिनिधीच्या प्रकरणात नकारार्थी उत्तर दिले. प्रतिनिधींची देशव्यापी संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. राज्यसभेच्या याचिका समितीने १९७२ च्या अहवालात हा विषय उचलून धरला आणि १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. नियुक्तिपत्र बंधनकारक झाले. कामावरील काळाच्या किमान एक अकरांश इतकी अर्जित रजा आणि सेवाकाळाच्या किमान एक अठरांश इतकी अर्धपगारी वैद्यकीय रजा मिळू लागली. औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षणही लाभले. १९८६ च्या दुरुस्तीने वेतनमर्यादेची अट दूर झाली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येनुसार प्रतिनिधी कामगार ठरत नाही. म्हणजेच त्याला जे संरक्षण होते, ते १९७६ च्या कायद्यामुळेच.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७६ चा कायदा त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत विलीन करण्यात आला. कामगाराच्या व्याख्येत आता विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे. मात्र जुन्या कायद्याने न सोडवलेला प्रश्न व्यवहारात तसाच उरतो, तो म्हणजे फिरतीवरच्या माणसाचा दिवस संपतो केव्हा? पहाटे साडेपाचची बस पकडणे हे काम की प्रवास? लॉजवर रात्री दहाला भरलेला विक्रीचा तक्ता कोणत्या तासांत धरायचा?

या प्रश्नांची उत्तरे काही अशक्यप्राय नाहीत. सलग मुक्कामांवर मर्यादा घालणे, भत्त्याची रक्कम त्या गावातील बऱ्या खोलीच्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडणे, प्रवासाचा आणि थांबण्याचा वेळ कामात मोजणे, महिलांसाठी सुरक्षित निवासांची यादी कंपनीनेच तयार ठेवणे, या साध्या व्यवस्थापकीय गोष्टी आहेत. जे यंत्र प्रतिनिधीची जागा दर मिनिटाला टिपते, तेच त्याचा दिवस सोळा तासांचा झाला हेही सहज सांगू शकते. तो आकडा पाहण्याची इच्छा मात्र हवी. तोवर सकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, ओळखीच्या लॉजवाल्याने न विचारता नेहमीच्या खोलीची किल्ली पुढे केली, की फिरतीवरचा माणूस तो दिवस चांगला गेला असे मानतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गावाची बस किती वाजता आहे, याची चौकशी करू लागतो.