डोळा विसरतो, कॅमेरा साठवतो

जानेवारीत रात्री आठच्या सुमारास वर्ध्यातल्या एखाद्या गच्चीवरून आग्नेयेकडे पाहिले, की मृग नक्षत्र ठळक दिसते. चार पायांचे चार तारे आणि मध्ये बाणाचे तीन. बाणाच्या थोडे खाली नीट निरखले, तर एक अंधूक पांढुरका ठिपका जाणवतो. हा मृगातला तेजोमेघ. वायू आणि धुळीच्या या ढगात नवे तारे जन्माला येत आहेत. त्याचे अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षे. हौशी छायाचित्रकाराने टिपलेल्या त्याच ठिपक्याच्या फोटोत मात्र लाल-गुलाबी पंख पसरलेले दिसतात. मग हमखास प्रश्न येतो, ‘रंग नंतर भरले का?’

रंग खरेच असतात, संगणकावर ते फक्त ठळक केले जातात. कमी पडतो तो आपला डोळा. दृष्टिपटलावर सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी आणि सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी असतात. रंग ओळखण्याचे काम शंक्वाकार पेशींचे, पण मंद उजेडात त्या जवळपास स्वस्थ बसतात. दंडाकार पेशी अंधुक प्रकाश टिपतात, मात्र त्यांना रंग कळत नाही. म्हणून तेजोमेघ करडा दिसतो.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. डोळा सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरताच प्रकाश एकत्र धरतो आणि लगेच पाटी कोरी करतो. हे आपल्या सोयीचेच आहे, नाहीतर रस्त्यावरची एसटी नुसती लांबलचक रेघ दिसली असती. पण त्यामुळे ठिपक्याकडे तासभर टक लावली, तरी तो अधिक उजळ होत नाही.

कॅमेऱ्याची पाटी शटर बंद होईपर्यंत पुसली जात नाही. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. त्यासाठी त्यांना ५१ मिनिटे प्रकाश साठवावा लागला. ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी काम केले होते. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमन या इंग्लंडमधील हौशी निरीक्षकाच्या फोटोत, दुर्बिणीतूनही डोळ्याला न दिसणारे तारे उमटले.

आज हे काम साधा डीएसएलआर कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिपाई यांवर सुरू करता येते. अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश ताशी १५ अंश सरकते, त्यामुळे अशा लेन्सवर पाच-सहा सेकंदांपलीकडे शटर उघडे ठेवले, की ताऱ्यांच्या रेघा होतात. त्यावर उपाय म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारी मोटार. तिचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि ध्रुवतारा त्याच्या अगदी जवळ आहे. वर्ध्यातून ध्रुव क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर असतो. ८० मिलिमीटरची छोटी दुर्बीणही पूर्ण विस्फारलेल्या बाहुलीच्या सुमारे १३० पट प्रकाश गोळा करते. मात्र तिच्या नळीपेक्षा तिला धरणारी बैठक भक्कम असणे जास्त गरजेचे.

मोटार नसेल, तरी मार्ग आहे. एका लांब फोटोऐवजी पाच-पाच सेकंदांचे दोन-तीनशे फोटो काढायचे आणि संगणकावर ते एकमेकांवर बसवून सरासरी काढायची. ‘डीपस्कायस्टॅकर’ आणि ‘सिरिल’ या मोफत प्रणाली हे काम करतात. नवजात बाळाची ‘बेरा’ ही श्रवणचाचणी याच तत्त्वावर चालते. बाळाच्या कानात शेकडो वेळा ‘टिक’ असा आवाज दिला जातो. मेंदूतून येणारा प्रतिसाद इतका क्षीण असतो, की एका वेळी तो इतर विद्युत खळबळीत बुडून जातो. सर्व नोंदींची सरासरी काढली, की खळबळ परस्परांना छेदून कमी होते आणि खरा प्रतिसाद वर येतो. फोटोतही तसेच. शंभर फोटोंच्या सरासरीत दाणेदार नॉइज एक दशांश उरतो आणि तेजोमेघ तिथेच राहतो.

लेन्स विकत मिळते, अंधार मिळत नाही. शहराच्या उजेडाने आकाशच पांढुरके झाले, तर क्षीण मेघ त्यात हरवतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारीसारख्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवण्यात आले. दिवे विझवावे लागले नाहीत, फक्त त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीला हे जमण्यासारखे आहे.

यात लाभ केवळ छायाचित्रकाराचा नाही. रात्रीचा पांढरा, निळसर उजेड शरीरातील मेलाटोनिन कमी करतो आणि झोपेचे घड्याळ बिघडवतो. डोळ्यालाही अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात दंडाकार पेशींतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा तयार होते. मोबाईलच्या एका झोताने ही तयारी वाया जाते, म्हणून आकाश पाहताना मंद लाल टॉर्च वापरावा. शिवारात बसायचे तर पायात बूट हवेत, सोबत कुणीतरी हवे आणि जंगलहद्दीत जाऊ नये.

ऱ्होडॉप्सिनसाठी ‘अ’ जीवनसत्त्व लागते. सर्वांना कृत्तिकेचा पुंजका दिसत असताना एखाद्या मुलाला अर्ध्या तासानंतरही तो दिसत नसेल आणि ते संध्याकाळी अडखळत असेल, तर रातांधळेपणाची शंका घेऊन नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कारण ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर वेळेवर उपचाराने ते बरे होते. दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार असेल, तर तो लवकर कळलेला बरा.

येत्या अमावास्येला कॅमेरा नसला, तरी अंगणातला दिवा अर्धा तास बंद करून मुलांना मृगातला तो ठिपका दाखवता येईल.