लहान कुत्र्याचा राग

इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेस उतरला, त्या काळी जहांगीर बादशहाची मर्जी संपादन करण्यासाठी इंग्रजांची जहाजे जे नजराणे घेऊन येत, त्यांत मॅस्टिफ जातीच्या थोराड विलायती कुत्र्यांचाही समावेश असे. रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवृत्तात या कुत्र्यांची हकीकत नमूद करून ठेवली आहे. जहाजांवर चढवलेल्या कुत्र्यांपैकी दोनच समुद्रप्रवासातून जिवंत उरले. त्यांना छोट्या गाड्यांत घालून दरबाराकडे नेत असता त्यांपैकी एक वाटेत सुटला आणि जवळ उभ्या असलेल्या हत्तीच्या सोंडेला कडकडून डसला. हत्तीने त्याला अनेकवार वर-खाली झुलवून अखेर दूर भिरकावले, तेव्हा समोर आलेल्या एका गावठी कुत्र्याचा त्या मॅस्टिफने प्राण घेतला, आणि मगच तो रखवालदारांच्या हाती लागला. बादशहाला ही कथा मोठी रुचली. कुत्र्यांना पालखीतून फिरवण्यासाठी आणि त्यांच्या अंगावरील माश्या वारण्यासाठी त्याने चाकर नेमले व स्वहस्ते घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा करवून घेतला.

बलाढ्य जनावराभोवती मनुष्य आपोआप बंदोबस्त उभा करतो, ही गोष्ट त्या हकिकतीत जशी दिसते तशीच ती आजच्या सुरतेतही दिसते. अडाजण, पाल किंवा वेसू येथील एखाद्या उंच इमारतीत कोणी जर्मन शेफर्ड वा रॉटवायलर आणला की मजबूत पट्टा, तोंडाची जाळी, शिकवणारा माणूस, शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून पाळायच्या वेळा, हे सारे ओघानेच येते. त्याच इमारतीत पांढऱ्याशुभ्र लोकरीसारख्या केसांचा स्पिट्झ, ज्याला आपण सरसकट पामेरियन म्हणतो आणि १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीमुळे जो घरोघरी ठाऊक झाला, तो मात्र कोणत्याही बंदोबस्तावाचून वाढतो. कारण त्याच्यापासून कोणाच्या जिवाला धोका आहे असे कोणालाही वाटत नाही.

अशा एखाद्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हा फरक अगदी जवळून पाहावयास मिळतो. लॅब्रडॉरचा धनी ‘बस’ म्हणतो आणि ते धिप्पाड जनावर कोपऱ्यात बूड टेकून धन्याच्या तोंडाकडे बघत राहते. समोरच्या बाईंच्या कडेवर स्पिट्झ असतो. कोणी कौतुकाने हात पुढे केला की त्याचे अंग ताठरते, तो मान फिरवतो, जिभेने नाक चाटतो, त्याच्या डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसू लागतो, आणि एवढ्या सूचना देऊनही हात मागे न गेल्यामुळे शेवटी तो गुरगुरून दात दाखवतो. तेव्हा बाई हसून म्हणतात, “अहो, घाबरू नका, एवढुसा तर आहे, काही करत नाही.” त्या क्षणी कुत्रा दोन धडे शिकतो: सभ्यपणे दिलेली सूचना येथे कोणी वाचत नाही, आणि दात दाखवले असता हात मागे जातो.

लहान कुत्रे तापट आणि मोठे कुत्रे शांत, या लोकसमजुतीला अभ्यासाचा आधारही बराच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स सर्पेल यांनी कुत्र्यांच्या स्वभावाची नोंद मालकांकडून घेण्याची एक विस्तृत प्रश्नावली सिद्ध केली. तिच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनुष्यावर धावून जाण्याच्या बाबतीत डॅक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर ही चिमुकली मंडळी अग्रभागी आढळली. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ४९ जातींच्या आठ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली असता, उंची जसजशी कमी तसतशी स्पर्शाविषयीची असहिष्णुता, इतर कुत्र्यांचे भय, एकटे राहण्याची अस्वस्थता, खाण्यासाठी लावलेला तगादा आणि खुद्द धन्यावरचा रोष ही लक्षणे वाढत गेलेली दिसली. तरीही वर्तमानपत्रात बातमी येते ती मोठ्या कुत्र्याची. चिवावाने घेतलेला चावा हळद लावून घरातच मिटतो, रॉटवायलरचा चावा इस्पितळाच्या आणि पोलिसांच्या दप्तरी जातो. त्यामुळे कोण किती वेळा चावतो याचा हिशेब समाजाला कधी नीट कळतच नाही.

आता प्रश्न असा की हा राग रक्तातला की घरातला? लहानखुरेपणाचे एक प्रमुख कारण वाढीचे नियमन करणाऱ्या आयजीएफ-१ नावाच्या जनुकात आहे, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. परंतु ते संशोधन देहाच्या आकाराविषयी होते, मनाविषयी नव्हे. माझ्या मते या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश टाकणारे काम २०१० साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातून पुढे आले. तेथील संशोधकांनी वीस किलो वजनाची मर्यादा धरून शहरातील कुत्र्यांचे दोन वर्ग केले आणि कुत्र्यांइतकीच मालकांचीही कैफियत मागितली. लहान कुत्रे कमी आज्ञाधारक, अधिक भित्रे आणि अधिक आक्रमक आढळले हे खरे. पण त्याच कागदावर हेही उमटले की लहान कुत्र्यांचे मालक आज एक नियम तर उद्या दुसरा असे वागतात, त्यांना शिकवण्यात आणि त्यांच्याबरोबर खेळण्यात कमी वेळ घालवतात. शिक्षा जितकी वारंवार तितकी आक्रमकताही अधिक दिसली, आणि लहान कुत्र्यांत तर तिच्या जोडीने भयही वाढलेले होते. ज्या वर्तनाबद्दल मोठ्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी जाब विचारला जातो, तेच वर्तन लहान कुत्र्याला आयुष्यभर माफ असते, आणि ज्याला आपण त्याचा स्वभाव म्हणतो तो पुष्कळ अंशी या माफीतून घडलेला असतो.

लहान कुत्र्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. गावाकडे ज्यांचा कुत्रा ओट्यावर किंवा खळ्यात मोकळा असे, कोणी नकोसा आला तर उठून दूर जाई, त्यांच्या येथील एक-दोन खोल्यांत तीन-चार किलोचे पिल्लू येते तेव्हा त्याला दूर जाण्यास जागाच नसते. त्याच्या दृष्टीच्या पातळीवर केवळ पावले, खुर्च्यांचे पाय आणि घाईने उघडणारी दारे असतात. मुले त्याला मागून उचलतात, पाहुणे उचलतात, झोपेतून उचलतात. पळून जाण्याचा मार्ग खुंटलेल्या प्राण्याने दातांचा आश्रय घेतला तर त्यात कसूर कोणाचा?

मोठा कुत्रा हा जन्मतःच साधू असतो असे मात्र कोणी समजू नये. मुधोळचा किंवा आपल्याकडचा कारवान शिकारी कुत्रा उंचीने मोठा असूनही मनाने इतका हळवा असतो की परक्याचा हात त्याला रुचत नाही आणि दरडावणीने तो बिथरतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती घेतलेल्या संशोधनाने तर असे दाखवले की कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनातील भेदांपैकी सुमारे नऊ टक्केच जातीवरून समजावता येतात. म्हणूनच १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जाती हिंस्र ठरवून त्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना जे परिपत्रक पाठवले आणि जे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या एप्रिलात रद्द केले, त्यामागची चिंता रास्त असली तरी उपाय मला अपुरा वाटतो. जातीची यादी दारावर लावून घरातली शिस्त येत नाही.

तेव्हा घरात पिल्लू आणणाऱ्यांस माझी विनंती अशी की, ते मूठभर असो वा वासराएवढे व्हायचे असो, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे हुकूम त्याला सारख्याच निष्ठेने आणि खाऊ देऊन शिकवावेत. त्याला उचलण्यापूर्वी हाक मारावी, ते पुढे आले तरच हात लावावा. ज्या कोपऱ्यात ते झोपते त्या कोपऱ्यात मुलांना मुभा नसावी, आणि गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना समजून तेथेच थांबावे, त्याबद्दल त्याला मारू नये. आणि चावा झालाच तर तो चिमुकल्या दातांचा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी, कारण त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार नाही, मग कुत्रा केवढाही असो.